जेठा गड्डा, सोरा गड्डा : हळदीच्या बेण्याचा इतिहास

मराठी समीक्षेत 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार मोठ्या उदारपणे वापरला जातो. साठोत्तरी काळात लघुअनियतकालिकांचे पेव फुटले, नव्वदनंतर कवितासंग्रहांचे पेव फुटले, आणि दिवाळी अंकांचे तर दरवर्षीच फुटते. वाक्प्रचाराच्या मागे तुच्छतेची एक छटा असते. जे फार झाले, ते फारसे चांगले नसणार, अशी. पण मुळात पेव फुटणे ही घटना तुच्छतेची नाही. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेले कोठार. तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढे, आत मात्र पोट सुटलेल्या रांजणासारखे ऐसपैस. वर्ष-दोन वर्षे बंद असलेले असे कोठार उघडले की आतला साठा जो बाहेर येतो, त्याला पेव फुटणे म्हणत. त्यात लोकांच्या तुटवड्याची आणि कुणाच्या तरी दूरदृष्टीची गोष्ट होती. ती गळून गेली आणि मागे केवळ संख्येबद्दलची कुरकुर राहिली.

महाराष्ट्रात पेवांची ख्याती टिकली ती प्रामुख्याने एका गावामुळे. सांगलीला लागून, कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर हरिपूर आहे. संगमेश्वराचे देऊळ आणि नदीकाठ यांसाठी ते लोकांना ठाऊक असते. परंतु सांगलीच्या हळदीच्या व्यापाराला खरा आधार दिला तो या गावच्या मातीने. येथील जमिनीत खोल खड्डा घेतला तरी तो ढासळत नाही आणि आत ओल धरत नाही. पेवाच्या तळाला व कडांना पालापाचोळ्याचा थर द्यायचा, आत वाळलेली हळद भरायची, तोंड बंद करून वर माती लिंपायची. आतली हवा कोंडते, त्यामुळे किडीला जगता येत नाही आणि हळद वर्षानुवर्षे रंगासकट टिकते. हाच गुण माणसाच्या जिवावरही उठू शकतो. म्हणून पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. काही तास ते तसेच उघडे ठेवायचे, मग पेटता कंदील दोरीने खाली सोडून पाहायचा. कंदील विझला तर थांबायचे.

२००५ साली मुंबईच्या उपनगरांनी २६ जुलै अनुभवला. सांताक्रूझच्या वेधशाळेने एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला, आणि त्या दिवसाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिलेही गेले. त्याच सुमारास कृष्णेला महापूर आला होता, हे मात्र उपनगरी आठवणीत क्वचितच असते. हरिपूरच्या पेवांत पाणी शिरले. शतकभराच्या अनुभवाने कोरडी मानलेली जमीन पाण्याखाली गेली आणि साठवलेली हळद कुजली. त्यानंतर पेवांवरचा विश्वास उडाला. गोदामे आणि शीतगृहे यांच्याकडे व्यापार वळला. २०१९ च्या पुराने उरलासुरला विश्वासही धुऊन नेला. वाक्प्रचार मात्र शाबूत आहे. वस्तू नष्ट झाल्यावरही शब्द काही काळ चालतो, हे भाषेच्या विद्यार्थ्याला नवे नाही.

इथपर्यंतचा इतिहास हा व्यापाराचा, आणि तो कमी-अधिक प्रमाणात नोंदलेला आहे. या लेखाचा विषय मात्र पेवात न जाणाऱ्या हळदीचा आहे. पेवात जाणारी हळद निर्जीव असते. ती काहिलीत शिजवलेली, उन्हात वाळवलेली आणि घासून चमकवलेली असते. ओल्या मालाच्या वजनाचा जवळपास पाचवा हिस्साच त्यातून उरतो. ती कितीही वर्षे ठेवली, कितीही उत्तम मातीत पुरली, तरी तिला कोंब येणार नाही. शेतकऱ्याच्या अंगणात काढणीच्या दिवशी हळदीचे दोन भाग होतात, एक काहिलीकडे जाणारा आणि दुसरा सावलीत राहणारा. आपल्या सणांत, लग्नांत, देवळांत, कवितेत आणि पाठ्यपुस्तकांत आला तो पहिला भाग. दुसऱ्याचे नाव बेणे.

'बेणे' हा शब्द ऊस, आले, हळद अशा पिकांचा. ज्यांची लागवड बियांनी होत नाही, झाडाच्याच तुकड्याने होते, त्या तुकड्याला बियाणे न म्हणता बेणे म्हणायचे, हा फरक शेतकरी बोलीने काटेकोरपणे पाळला आहे. सातारा-कोल्हापूरकडे एखाद्या खट्याळ, वस्ताद माणसाला 'लई बेणं हाय' म्हणतात. त्यातही हा अर्थ शिल्लक असावा असे वाटते: जिथे टाकाल तिथे उगवणारे, मूळ गुण न सोडणारे. शहरी मराठीत हा शब्द शिवीच्या जवळ जाऊन पोचला, आणि त्याचा शेतातला अर्थ पदवीच्या वर्गात समजावून सांगावा लागतो.

हळदीच्या बेण्याची शब्दसंपदा तर याहून श्रीमंत आहे. एका रोपाखाली जो कंदांचा समूह तयार होतो त्याच्या प्रत्येक अवयवाला नाव आहे. मुख्य खोडाखालचा, गोलसर, जाड तो जेठा गड्डा. त्याच्या कुशीत आलेले ते बगल गड्डे. त्यांना बोटांसारखी फुटतात ती हळकुंडे. आणि या सगळ्यांच्या मधोमध, मागच्या हंगामात लावलेला, सगळे देऊन सुकत आलेला जुना कंद, तो सोरा गड्डा. काढणीनंतर ही प्रतवारी हाताने होते. पुढच्या वर्षीच्या लागवडीसाठी पसंती जेठ्या गड्ड्याला: पन्नास ग्रॅमच्या वर वजन, निरोगी, आदल्या वर्षीच्या मुळ्या साफ केलेला. हेक्टरी साधारण २५ क्विंटल असे गड्डे लागतात. म्हणजे पिकाचा मोठा आणि उत्तम भाग दरवर्षी विक्रीतून बाजूला काढावा लागतो. ते सावलीत ढीग करून, हळदीच्याच वाळल्या पाल्याखाली झाकून, दोनेक महिने निजवून ठेवायचे. उन्हाळ्याच्या शेवटी त्यांचे डोळे फुगू लागतात. सांगलीकडे लागवडीचा परंपरागत मुहूर्त अक्षय्य तृतीयेचा. न क्षय पावणाऱ्या तिथीला न संपणारा कंद मातीत जातो, हा योग कुणी जुळवून आणला नसावा, पण तो आहे.

येथे युरोपीय बागकामाशी एक तुलना करण्याचा मोह होतो. तिकडचे आयरिस हे फूलझाडही असेच आडव्या, गाठाळ कंदावर वाढते आणि दर काही वर्षांनी उपटून, तोडून पुन्हा लावावे लागते. पण तिथे रीत अशी की मधला जुना, लाकडासारखा झालेला भाग फेकून द्यायचा आणि कडेचे कोवळे, पानांचा पंखा असलेले तुकडे ठेवायचे. हळदीत सोरा गड्डा बाजूला होतो खरा, पण कडेच्या कोवळ्या हळकुंडांऐवजी मान मिळतो तो जेठ्यालाच. 'जेठा' म्हणजे ज्येष्ठ. एकत्र कुटुंबाची सगळी रचना या पिकाच्या नावांत उतरली आहे. सगळ्यांत वडील असलेला पुढच्या पिढीसाठी राखला जातो आणि धाकटी बोटे बाजारात जातात.

या नात्यांच्या भाषेखाली एक जीवशास्त्रीय सत्य आहे. आपण लावतो ती हळद बी धरत नाही. तिला फुले येतात, पानांच्या मधून फिकट कणीसही वर येते, पण ते निष्फळ असते. तिच्या पेशींत गुणसूत्रांचे दोन संच नसून तीन असतात, एकूण ६३. असे विषम कुटुंब बीजनिर्मितीत अडखळते. शिवाय ही हळद रानात आपसूक वाढलेली कुठे सापडत नाही, ती फक्त लागवडीतच आढळते. याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. पक्ष्याने बी नेले, वाऱ्याने उडवले, पुराने दूर टाकले अशी कोणतीही शक्यता या वनस्पतीच्या इतिहासात नाही. जिथे म्हणून हळद आहे तिथे ती कुणीतरी हाताने नेलेली आहे. आज हरिपूरच्या शेतात असलेला गड्डा हा मागच्या वर्षीच्या गड्ड्याचा वंशज नाही, काटेकोरपणे बोलायचे तर तो तोच आहे. मध्ये एक वर्षही खंड पडलेला नाही. दुष्काळ, प्लेग, सावकारी आणि युद्धे यांच्या प्रत्येक वर्षी कुणीतरी गरज असतानाही काही गड्डे शिजवले नाहीत, इतकाच याचा इतिहास, आणि तो इतकाच असूनही प्रचंड आहे. ज्वारीचे बी मडक्यात दोन-तीन वर्षे राहू शकते. जिवंत बेण्याला ती सवलत नाही.

अखंडतेला फार भाबडेपणाने गौरवण्याचेही कारण नाही. तुकड्यातून तुकडा येताना रोगही येतो. कंदकुजीची बुरशी आणि कंदमाशी बेण्याबरोबरच पुढच्या शेतात पोचतात. म्हणून निवड, साफसफाई आणि लागवडीपूर्वी औषधात बुडवणे ही सगळी उठाठेव. परंपरा निवडीशिवाय पुढे नेली तर तिच्यातले सडलेलेही पुढे जाते, हे शेतकऱ्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही.

आता साहित्याकडे आणि विधींकडे पाहू. लग्नाच्या आणि पूजेच्या याद्यांत 'लेकुरवाळी हळकुंडे' असतात. ज्या हळकुंडाला लहान फाटे फुटले आहेत ते लेकुरवाळे, आणि म्हणून ओटीत शुभ. प्रतिमा अप्रतिम आहे. कंदाची वाढ पाहणाऱ्यालाच ती सुचू शकते. पण वाण्याच्या दुकानातून येणारे हे हळकुंड बहुधा शिजवून वाळवलेले असते. संततीचा आशीर्वाद म्हणून आपण जे देतो, त्याची उगवण्याची शक्ती काहिलीतच संपलेली असते. विधीने रूप जपले आणि क्रिया गमावली, असे म्हणता येईल. जेजुरीला भंडारा उधळला जातो, पायऱ्या पिवळ्या होतात, आणि त्या पिवळेपणावर मराठीत व इंग्रजीत लिहिले गेले. अरुण कोलटकरांच्या 'जेजुरी'मुळे (१९७६) ते गाव जगाच्या वाचनात गेले. तेथेही हळद आहे ती रंग म्हणून, पूड म्हणून. म्हणींत तर ती सौंदर्यप्रसाधनच: पी हळद हो गोरी. आणि जो थोडक्या यशाने हुरळतो तो अर्ध्या हळकुंडाने पिवळा होतो. पिकाला अंगणातून शेतापर्यंत परत नेणारा वाक्प्रचार निदान मला आठवत नाही.

परकीयांचीही नजर रंगावरच खिळली. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. मुंबई बेट या गृहस्थाकडे भाडेपट्ट्याने होते, हे मुंबईकरांना सांगायला हवे. त्याने हळदीची ओळख करून दिली ती इकडचे केशर म्हणून. रंग सारखा, म्हणून नाव तेच. केशर फुलातल्या तंतूंतून मिळते आणि हळद मातीतून, हा भेद त्याला ठाऊक होता; तरी युरोपीय भाषांत 'देशी केशर' हे नाव रुजले आणि पोर्तुगीज भाषेत ते अजून चालते.

शब्दांचा विषय निघाला आहे म्हणून एक अवांतर. संस्कृत हरिद्रा, प्राकृत हलिद्दा आणि मराठी हळद हा प्रवास कित्येक शतकांचा. लोकांच्या जिभेने कष्टाने घासून गुळगुळीत केलेला हा शब्द शासनाने २०२२ मध्ये वसमत येथे संशोधन केंद्र काढताना पुन्हा उलटा फिरवला. केंद्राच्या नावात 'हरिद्रा' आहे आणि कंसात, लोकांना कळावे म्हणून, 'हळद'. कंस कुणाला आणि मुख्य ओळ कुणाला, हा प्रश्न आपल्याकडे केवळ व्याकरणाचा नसतो.

नोंदलेले आणि न नोंदलेले यांच्यातले अंतर किती महाग पडू शकते, हे १९९५ ते १९९७ या काळात दिसले. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्याबद्दल अमेरिकेत पेटंट मिळाले. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असताना, त्याला आव्हान दिले आणि ते रद्द करवले. ही कथा आपण अभिमानाने सांगतो. पण ती जिंकली कशाच्या जोरावर, ते पाहावे: संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथांतले उतारे, छापील शोधनिबंध, एकंदर ३२ संदर्भ. आजीने जखमेत हळद भरली हे पुराव्यात बसत नव्हते. तसे कुणीतरी लिहून ठेवले होते, ते बसले. उद्या वाद हळदीच्या गुणाचा नसून जेठा गड्डा निवडण्याच्या, निजवण्याच्या, पाल्याखाली राखण्याच्या ज्ञानाचा झाला, तर आपल्या हाती कोणते ग्रंथ असतील? कृषिखात्याच्या पुस्तिका आहेत, आणि त्यांना आपण गद्य म्हणून कधी वाचलेले नाही. मराठीच्या अभ्यासक्रमात ग्रामीण साहित्य आहे, पण बोली म्हणजे संवादांतला उच्चार एवढेच त्यात आपण तपासतो. बोलीने केलेले वर्गीकरण, तिने वस्तूंना दिलेली नावे, यांच्याकडे ज्ञान म्हणून पाहण्याची सवय आपल्याला नाही.

कायद्याने मात्र येथे आपल्यापेक्षा अधिक समज दाखवली आहे. २००१ च्या वनस्पतींचे वाण व शेतकऱ्यांचे हक्क यांविषयीच्या केंद्रीय कायद्यात 'बी' या शब्दाची व्याख्या केवळ दाण्यापुरती ठेवलेली नाही. पुन्हा रोप होऊ शकेल असा वनस्पतीचा कोणताही भाग तिच्यात बसतो. म्हणजे बेणे बसते. आणि याच कायद्याच्या ३९ व्या कलमाने शेतकऱ्याला असे बी राखण्याचा, लावण्याचा, पुन्हा लावण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटण्याचा आणि संरक्षित वाणाच्या बाबतीत ब्रँड न लावता विकण्याचा हक्क दिला आहे. शेजाऱ्याकडून पाटीभर गड्डे आणणे ही जी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत, तिला २००१ मध्ये लिखित हक्काचे रूप आले.

हक्क आला तेव्हा राखण्यासारखे काय काय उरले होते, हा पुढचा प्रश्न. महाराष्ट्रात आज सर्वाधिक लावली जाते ती सेलम हळद, तामिळनाडूतल्या शहराच्या नावाची. उत्पन्न चांगले, रंग चांगला. शेतकऱ्याने ती का स्वीकारली याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार बाजारातून पुडी आणणाऱ्याला नाही. सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राने निवडपद्धतीने 'कृष्णा' आणि 'फुले स्वरूपा' हे वाण दिले. सांगलीच्या नावाशी जोडली गेलेली राजापुरी आता मागे पडली आहे. वर्ध्याच्या समुद्रपूर तालुक्यातली वायगाव हळद २०१६ मध्ये, सांगलीची २०१८ मध्ये आणि वसमतची २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनाच्या यादीत आली. मानांकन नावाला मिळते, बेण्याला नव्हे. नाव टिकून आत दुसरेच बेणे येऊ शकते. आणि बी न धरणाऱ्या पिकाचा एखादा वाण एका वर्षी कुणीच लावला नाही, तर तो कुठल्या मडक्यात, कुठल्या वळचणीला सापडण्याची आशा राहत नाही. कोळिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेत हळदीचे वाण जपलेले आहेत. तिथेही हा संग्रह मुख्यतः शेतातच जपावा लागतो, दरवर्षी काढून दरवर्षी पुन्हा लावून.

उपनगरांचा याच्याशी काही संबंध आहे का? थोडा आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पावसाळ्यात रानहळद उगवते, शेतातल्या हळदीची चुलत बहीण. तिच्यातल्या एका जातीचे आज जगभर मान्य असलेले शास्त्रीय नाव, कुर्कुमा स्यूडोमोंटाना, हे मुंबईतच ठेवले गेले: टपाल खात्यात अधिकारी असलेल्या जॉन ग्रॅहॅमने मुंबई आणि परिसरातल्या वनस्पतींची यादी केली, ती १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात ते प्रथम आले. त्याच वर्षी ग्रॅहॅम वारला. चौतीस वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या माणसाचे एक नाव उद्यानाच्या उतारावर दरवर्षी जमिनीतून वर येते.

घाटकोपर आणि मुलुंडच्या भाजीबाजारांत हिवाळ्यात ओल्या हळदीचे आणि आंबेहळदीचे ढीग लागतात, मुख्यत्वे गुजराती घरांसाठी. चिरून, लिंबू-मीठ लावून ती ताटात येते. मुंबईत जिवंत हळद पैशाने मिळते ती या दोन-तीन महिन्यांतच. कोकणी आणि गोव्याकडच्या घरांना कंदापेक्षा पाने हवी असतात, पातोळ्यांसाठी. त्यामुळे अंधेरी-बोरिवलीच्या चाळींत आणि जुन्या सोसायट्यांच्या गॅलरीत तेलाच्या डब्यात लावलेली हळद श्रावणात कमरेएवढी झालेली दिसते. नागपंचमीला पाने कापायची, उरलेली तशीच ठेवायची. पौष-माघात ती पिवळी पडून आडवी होतात, डबा उपडा केला की कंदांचा गुंता निघतो, आणि त्यात मध्येच एक हलका, काळपट, सुरकुतलेला तुकडा असतो. अशा घरांत बहुतेक वेळा ते काम करणाऱ्या बाईला त्याला सोरा गड्डा म्हणतात हे माहीत नसते. ती तो बाजूला टाकते, एक जाडसा गड्डा वर्तमानपत्रात गुंडाळून ओट्याखाली ठेवते, आणि बाकीचे किसायला घेते.